धवलारणीची जीभ

आवडाबाईच्या जिभेला हाड नाही, असं खाडीकाठच्या कोलशेत गावात सगळेच म्हणत. आणि घरात लग्न निघालं की त्याच जिभेसाठी सगळे तिच्या दारात येऊन बसत. कारण ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणीशिवाय पान हलत नाही. हळद कुटायची, मांडव घालायचा, नवरीला पाटावर बसवायचं, प्रत्येक कामाचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणायचं. आणि धवला म्हटल्याशिवाय ते काम झालं असं कोणी मानत नाही. आगगाडी ठाण्यावरून कल्याणला जाऊ लागली त्याला एक पिढी झाली होती, मिठागरांवर सरकारी शिपाई पहारा देऊ लागले होते, पण कोलशेतातली लग्नं अजून आवडाबाईच लावत होती.

मांडवात ती जीभ गूळ होती. मांडवाबाहेर तिची धार सुनेच्या वाट्याला यायची. सुनेचं नाव तुळसा, गावच्या तोंडी तुलसा. सासवा बोलतातच, त्यात नवल नाही. पण आवडाबाईचं बोलणं असं असायचं की ऐकणाऱ्याला हसू आवरत नसे, आणि जिच्यावर बोललं ती एकटी कोरडी उभी राही. वाईटपणा परवडतो एक वेळ, असला हजरजबाबीपणा नको.

मार्गशीर्षातली गोष्ट. मीठ पिकवायच्या आधी आगरातल्या वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. बाया रांगेनं उभ्या राहून तुडवत होत्या, तुळसा कडेला होती. कोणीतरी विचारलं, रतनच्या पाठीवर काही नाही का अजून? रतन ही तुळसाची एकुलती लेक, अकरा-बारा वर्षांची. वैशाखात तिचं खाडीपलीकडच्या घरात लग्न ठरलेलं. तुळसानं तोंड उघडायच्या आत बांधावरून खाडीकडे हात करत आवडाबाई म्हणाली,

"खारीला भरती रोज येते गो. माज्या सुनेकरं एकदाच आली!"

बाया हसल्या. पाय थांबवून, पोट धरून हसल्या. तुळसाचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. आवडाबाईला ते माहीत नव्हतं असं नाही. दोघांनाही तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं, तिनंच पदरात झाकून नेलं होतं. तरी ती बोलली. चांगलं वाक्य तोंडात आलं की ते गिळायचं बळ तिच्यात नव्हतं, एवढाच तिचा दोष. पण तो दोष थोडा नव्हे.

तुळसा चिखलातून वर आली, बाकीच्या बायांना ऐकू जाणार नाही इतकी सासूच्या जवळ गेली आणि म्हणाली, "जीभ झडो तुजी, आये. माज्या पोरांच्या मातीची आन, जीभ झडो."

आवडाबाई तिच्याकडे बघत राहिली. आणि सूर्य कलायच्या आत आवडाबाई त्याच बांधावर आडवी झाली. उजवा हात लोळागोळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. लेकानं, दगडूनं, तिला पाठुंगळी मारून घरी आणलं. जीव वाचला. पाय हळूहळू उचलू लागला. जीभ मात्र गेली.

अगदीच गेली म्हणावी तर तसंही नाही. एक शब्द राहिला होता. 'नको'.

पाणी देऊ? नको. पेज खातेस? नको. उशाला काही घालू? नको, नको. दोन दिवस तिच्या तोंडाशी आणलेली पेज तुळसा परत घेऊन गेली, कारण म्हातारी नको म्हणत होती. तिसऱ्या वेळी तिनं डाव्या हातानं थाळा ओढला आणि तोंडानं "नको, नको" म्हणत वाघासारखी पेज ओरपली. दगडू डोकं धरून बसला. "आयेचं डोकं गेलं," तो म्हणाला. गावही तेच म्हणालं. भूक लागल्यावर नको म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

फक्त तुळसाला ठाऊक होतं, की डोकं गेलेलं नाही. रात्रंदिवस तीच तिच्याजवळ होती. म्हातारीच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे नि डाव्या हाताकडे बघायचं, हे तिला काही दिवसांत कळलं. पाणी हवं असलं की हात माठाकडे जाई, तोंड काहीही म्हणो. एकदा तुळसानं मुद्दाम विचारलं, "आये, रतनची नथ कुटं ठेवलीस?" आवडाबाईनं फडताळातल्या तांदळाच्या मडक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "नको." तुळसानं मडक्यात हात घातला. नथ होती. म्हातारी सगळं ऐकत होती, सगळं समजत होती, सगळं आठवत होती. बोलायचं मनात यायचं ते वेगळं आणि ओठावर यायचा तो तोच एक शब्द. तो शब्द बाहेर पडला की तिचा चेहरा असा व्हायचा, की आपण काय बोललो हे आपल्याला कळतंय, पण हे आपण बोललो नाही.

हे तुळसानं नवऱ्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर दगडूनं पहिलं काय विचारलं असतं? आये, त्या दिवशी बांधावर काय झालं? आणि आयेचं बोट कुठं गेलं असतं, हे तुळसाला पक्कं ठाऊक होतं.

दगडूनं पौषात भगत आणला. अंगारा झाला, नारळ झाला, कोंबडं झालं. मग भगतानं विचारलं, "कोनाचा तरी बोल लागलाय हिला. कोन भांडलं हिच्यासंगं?" कोण भांडलं म्हणून कोण सांगणार? निम्म्या गावाशी ती भांडली होती. शेवटी तो आवडाबाईसमोर बसला. "तुना बोलता येत नाय ना? मंग हात कर. जिचा बोल लागला तिच्याकरं हात कर."

ओटीवर माणसं दाटली होती. तुळसा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आवडाबाईनं डावा हात उचलला. नजर फिरवली आणि सुनेवर आणून ठेवली. सरळ, न लवता. तुळसानं डोळे मिटून घेतले.

"नको," आवडाबाई म्हणाली. तुळसानं डोळे उघडले तेव्हा हात मांडीवर परत आला होता.

"हिना काय कलत नाय," भगत वैतागून उठला. "डोकं गेलंय. आन सांगून ठेवतो, बोल लागलेलं तोंड हाय हे. पोरीचं लगीन हाय ना? हलदीजवल हिना आनू नका. सावली परली तरी वाईट."

ज्या बाईनं साऱ्या गावाला हळद लावली, तिला नातीच्या हळदीची बंदी! आणि का? तर तिनं हात खाली घेतला म्हणून. दमून घेतला, की सुनेला वाचवायला घेतला? तुळसा पुढं कितीदा विचार करी, आणि दोन्ही बाजूंनी एकाच जागी येई. वाचवलं असेल तर आपण चोर. वाचवलं नसेल तरी चोरच.

शिमग्याच्या सुमाराला आणखी एक गोष्ट घडली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

मागच्या पडवीत आवडाबाई एकटी सुकट निवडत बसली होती. तुळसा विहिरीवरून आली तो पडवीतून गाणं ऐकू आलं. आधी वाटलं शेजारीण असेल. मग आवाज ओळखू आला आणि डोक्यावरची कळशी हिंदकळली.

*"हलद कुटिली, हलद वाटिली,*
*हलद कोनाच्या अंगी लागली…"*

स्पष्ट. शब्द न शब्द. ओढलेल्या तोंडातून थोडा घरंगळत, पण पुरा. तुळसा धावली, सासूचे गुडघे धरले. "आये! बोललीस गो! बोल, आनखी बोल. माजं नाव घे!"

आवडाबाईनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. "न… नको," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी तुळसानं जात्यावर बसून मुद्दाम तोच धवला गुणगुणला. पहिल्या दोन शब्दांवर म्हातारीनं सूर धरला आणि ओळ पुरी केली. गाण्याच्या वाटेनं शब्द येत होते, बोलण्याच्या वाटेनं येत नव्हते. असं का, ते तुळसाला कळलं नाही, कोणाला कळणार होतं? पण आहे ते असं आहे, एवढं तिनं ओळखलं.

आता तरी सांगावं की नाही? बाई गाते आहे, डोकं शाबूत आहे, भगत गेला खड्ड्यात, हिला मांडवात बसवा. एवढं म्हटलं असतं तर आवडाबाईची उभ्या गावातली जागा तिला परत मिळाली असती. आणि तुळसाच्या मनात काय आलं? आज गाणं आलं, उद्या बोलणं येईल. आणि बोलणं आलं की पहिलं वाक्य कोणतं येईल? *ही म्हनाली, जीभ झडो.* दगडू तापट माणूस, आईवर जीव. सासूला शाप देऊन लुळी करणाऱ्या बायकोला तो माहेरी धाडणार, आणि असल्या आईच्या पोरीला घेऊन जायला कोण होडी घेऊन येणार?

भीतीला असली कारणं हात जोडून भेटतात. तुळसा गप्प राहिली. नुसती गप्प राहिली असती तरी एक वेळ ठीक. आवडाबाई आपल्याशी गायला लागली, आणि दगडू किंवा कोणी अंगणात असलं, की तुळसा हंडा आपटी, लाकडं फोडायला घेई, नाहीतर सरळ म्हणे, "गप गो आये, निज आता." दोघीच असल्या तरी, कोणी येईल या धास्तीनं, 'हलद कोनाच्या अंगी लागली' याच्या पुढं तिनं ते गाणं कधी जाऊ दिलं नाही. एकदा तर तिनं सासूच्या तोंडावर हात ठेवला. म्हातारीनं तो काढला नाही. हाताखाली ओठ हलत राहिले, आणि तुळसाच्या तळव्याला ते दिवसभर जाणवत राहिलं. भाकरी थापताना, मीठ ओढताना. त्या रात्री ती जेवली नाही.

वैशाख आला. नवरा गोविंदा, खाडीपलीकडच्या डोंबिवलीच्या मोठागावातला. वऱ्हाड भरतीच्या पाण्यावर दोन होड्यांतून आलं. धवलारीण म्हणून शेजारच्या बाळकुमची ठमाबाई आणली होती. आवडाबाईची जन्माची वैरीण. दोघींनी एकमेकींनी लावलेली लग्नं नावं ठेवून ठेवून ऐकली होती. आणि हळदीच्या सकाळी दगडूनं आईला उचलून घरामागच्या जाळी ठेवायच्या खोपीत नेऊन बसवलं. जवळ पाण्याचा तांब्या ठेवला, पंखा ठेवला, आणि डोळे पुसत बाहेर आला. त्याला काही ते आवडत होतं असं नाही. रतननं विचारलं, "बा, आजी कुटं?" तर तो म्हणाला, "निजलीय."

मांडवात उखळ-मुसळ आलं. सवाष्णींनी मुसळाला हात लावला. ठमाबाईनं खाकरून आवाज काढला. आवाज चांगला होता तिचा, उगाच का खोटं बोला. हळद कुटायला लागल्या. मुसळाचा एक हात तुळसाचा होता. नवरीची आई ती. धबधब आवाज होत होता, पिवळी धूळ उडत होती, आणि त्या आवाजाच्या मागं तुळसाला ऐकू येत होतं. खोपीतून. बारीक, घरंगळणारं. म्हातारी तिथं एकटी बसून ठमाबाईच्या बरोबरीनं गात होती. नातीची हळद ती जाळ्यांच्या ढिगाला ऐकवत होती.

अजून कोणाला ऐकू गेलं नव्हतं. तुळसानं एवढंच करायचं होतं, की मुसळ जरा जोरानं हाणायचं.

तिनं मुसळ सोडलं.

बाया बघत राहिल्या. तुळसा पिवळ्या हातांनी मांडवातून निघाली, खोपीचं दार तिनं ढकललं आणि सासूसमोर बसून मोठ्यानं, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा सूर लावला. "हलद कुटिली, हलद वाटिली…"

आवडाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं आवाज सोडला. पाच महिने दाबलेला आवाज तो. मांडवातली ठमाबाई मध्येच थांबली. माणसं खोपीपाशी धावली, सगळ्यांच्या पुढं दगडू. म्हातारी थांबली. दगडू दारात उभा, तोंडावर आधी आनंद आला. मग तो आनंद गेला.

"बोलता येतं तुना?" तो म्हणाला. "आये, बोलता येतं? मी उचलून नेतो तुना रोज. लहान पोरावानी. आन तू सोंग करतेस माज्यापुरं?"

"नको," आवडाबाई म्हणाली. तिनं डावा हात त्याच्याकडे केला. "नको, नको, नको…"

"आता परत नको!" दगडू ओरडला. "गायला येतं नं बोलायला येत नाय? कोनाला येरा समजतेस? गावात माजी शोभा केलीस!"

मागं वऱ्हाडातलं कोणीतरी म्हणालं की हे घर काही बरं दिसत नाही. आवडाबाईचा हात तसाच अधांतरी. तिच्या लेकानं तिला खोटारडी म्हटलं होतं आणि तिच्याजवळ खंडन करायला एकच शब्द होता, तोही उलटा पडणारा.

तुळसा दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"सोंग नाय ते," ती म्हणाली. "तिना गानं येतं, बोलनं येत नाय. येरी नाय ती, डोकं शाबूत हाय. सगलं कलतं तिना. भगत बोलला तेबी कलतं, तुमी आता बोललात तेबी. मना ठावं हाय. गानं येतं ते शिमग्यापासून ठावं हाय. मी कोनाला सांगितलं नाय. ती गायला लागली का मी हंडा आपटायची. तिचं तोंड दाबलं मी."

"कनला लपवलंस?" दगडूनं विचारलं.

"मी म्हटलेलं. आगरावर. जीभ झडो. त्याच दिसा झडली. ती बोलायला लागली तर सांगेल, म्हनून."

ठमाबाई पुढं आली. पदर खोचून, कमरेवर हात ठेवून. "जीभ झडो म्हटल्यानं जीभ झडली असती, तर कोलशेत-बाळकुमात एकबी बाय बोलती राहिली नसती," ती म्हणाली. "आन सगल्यात पैली हीच गेली असती. मी किती डाव म्हटलंय हिना!"

एकदोघी हसल्या. दगडू हसला नाही. "शापाचं जाऊ दे," तो बायकोला म्हणाला, हळू. "शिमग्यापासून तुना ठावं व्हतं."

ठमाबाई तोवर खोपीत शिरली होती.

"सोंग हाय का नाय ते मांडवात कलेल," ती म्हणाली आणि आवडाबाईला काखेत हात घालून उठवू लागली. दगडू एक क्षण थांबला, मग त्यानं दुसरी बाजू धरली. भगताचं काय, असं कोणी पुटपुटलं. ठमाबाईनं वळून पाहिल्यावर ते तिथंच विरलं. आवडाबाईला रतनच्या पाटाशेजारी बसवलं. रतननं आजीच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवला. ठमाबाईनं पहिले दोन शब्द काढून दिले आणि गप्प झाली.

*"हलद कुटिली, हलद वाटिली,*
*हलद कोनाच्या अंगी लागली?"*

आता इथं नवरा-नवरीचं नाव येतं. प्रत्येक लग्नात धवलारीण ते बदलून घेते. गोविंदाची नवरी रतन, असं यायला हवं. मांडव कान देऊन होता.

*"दगडूची नवरी तुलसा गो,*
*तिच्या अंगी लागली."*

वऱ्हाडात हशा पिकला. आवडाबाई दचकून थांबली. तिलाही ते ऐकू आलं होतं. ठमाबाईनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "रतन म्हन गो. गोविंदाची नवरी रतन." आवडाबाईनं मान हलवली, हो, हो, कळलं. पुन्हा सुरुवात केली. नावापाशी आली, डोळे मिटले, ओठ आवळून तिनं काहीतरी धरायचा प्रयत्न केला. आणि निघालं तेच. *दगडूची नवरी तुलसा गो.* तिसऱ्यांदाही तेच. म्हातारीनं डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर फाडकन चापट मारली, पुन्हा मारली, आणि सगळ्या मांडवादेखत हुंदके देऊन रडू लागली.

हसणं थांबलं. नातीच्या हळदीला, साऱ्या गावासमोर, कोणती आजी मुद्दाम नाव चुकवेल? दगडू खाली बसला. त्यानं आईचा मारणारा हात धरून ठेवला. "आये, मी चुकलो," तो म्हणाला. "तुना येत नाय. मना कललं. नाय येत."

मग ठमाबाईनं वाट काढली. ओळी आवडाबाईनं म्हणायच्या आणि नावाची जागा आली की ठमाबाईनं आपला आवाज वर घालून 'गोविंदाची नवरी रतन' म्हणायचं. तशी हळद लागली. तसंच लग्न लागलं. वैरीण अशी उपयोगी पडली, पण नंतर बाळकुमात जाऊन आपणच लग्न वाचवलं हे सांगायला ती विसरली नाही.

तुळसा मांडवाच्या कडेला उभी होती. तिला त्या नावानं जे झालं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या लग्नात धवला आवडाबाईनंच म्हटला होता. एकुलत्या लेकाचं लग्न, घरची धवलारीण; किती जीव ओतून म्हटला असेल. इतका, की सगळं वाहून गेल्यावरही तेवढं नाव जागचं हललं नव्हतं. आणि तुळसा रोज हंडा आपटून ते गाणं नेमकं त्या नावाच्या अलीकडे तोडत होती.

दुसऱ्या दिवशी भरतीला होड्या सुटल्या. रतन रडली, रडता रडता वळून हसली आणि खाडीच्या वळणाआड गेली. दगडू होडीतून पोचवायला गेला. जाताना तो आईच्या पाया पडला. बायकोशी बोलला नाही. मात्र 'माहेरी जा' असंही म्हणाला नाही. परत आल्यावर काय म्हणेल ते तुळसाला ठाऊक नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याची भीतीही आता उरली नव्हती.

काठावर दोघीच राहिल्या. तुळसानं सासूला बांधावर बसवलं आणि तिच्या पायाशी बसली.

"आये, माफ केलंस मना?"

"नको," आवडाबाई म्हणाली.

तुळसा तिच्या डोळ्यांत शोधत राहिली. पाणी हवं असलं तर डोळ्यांत दिसायचं, भूक दिसायची, नथ कुठल्या मडक्यात आहे तेही दिसायचं. हे दिसेना. एवढी मोठी गोष्ट बोटानं दाखवता येत नाही. "शिवी दे गो," तुळसा म्हणाली. "भरतीचं बोललीस ना, तसलं कायतरी बोल. सगल्या बायांपुरं बोल." आवडाबाईनं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि काहीच आलं नाही. मग तुळसानंच ते पहिले दोन शब्द काढून दिले. आवडाबाईनं सूर उचलला. हळद कुटली गेली, वाटली गेली, कोणाच्या अंगी लागली विचारून झालं, आणि तुळसानं या वेळी मध्ये हात घातला नाही.

*"दगडूची नवरी तुलसा गो…"*

किती मायेनं म्हणत होती म्हातारी! त्या मायेला तुळसा माफी म्हणू शकली असती. कोणीही म्हटलं असतं. पण ती माफी नव्हती, हे तिला कळत होतं. ही ती तुळसा होती, जिनं अजून काही केलं नव्हतं; हळद लावून पाटावर बसलेली, खाली मान घातलेली पोर. तिच्यावर सासूचा राग नव्हताच. आत्ता पायाशी बसलेल्या बाईला म्हातारी काय म्हणत होती, ते त्या गाण्यात नव्हतं आणि दुसरीकडे कुठं असलं तर त्याला तोंड नव्हतं. गाणं संपलं. तुळसानं पदरानं सासूच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली, तिला काखेत धरून उठवलं, आणि दोघी घराकडे चालू लागल्या.